मदतीची उतरंड : तिसरीच्या वर्गातल्या एका मदतनिसाच्या प्रशिक्षणाचं प्रकरण

दादूच्या दप्तरातली पाण्याची बाटली रोज भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. आईने पालकसभेत ही गोष्ट सांगितली. वर्गात त्याच्या मदतीला बसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी दर तासाला विचारते, तोच नको म्हणतो." वर्गशिक्षिका बाईंनी दादूला "पाणी पीत जा रे" असं बजावलं आणि विषय तिथेच संपला. त्या सभेला मीही होते. माझ्या वहीत त्या दिवशीच्या बाकी सगळ्या नोंदी आहेत, बाटलीची नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली ही अनुदानित मराठी शाळा. तिसरीचा वर्ग, पटावर 46 मुलं. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. 'दादू' हे मुलाचं खरं नाव नाही. मावशींना मात्र अख्खी शाळा मावशीच म्हणते, त्यामुळे तिथे बदलण्यासारखं काही नव्हतं. मी विशेष शिक्षिका आहे. शाळेने मला बोलावलं ते मावशींना 'तयार करायला'.

दादू आठ वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर पुरता ताबा नसतो. दोन्ही पायांचे स्नायू ताठ, त्यामुळे स्प्लिंट आणि वॉकर. उजवा हात बरा चालतो, पण सावकाश. बोलणं अस्पष्ट आणि त्याहून सावकाश, शब्द जुळवायला वेळ लागतो. समज मात्र चोख. वाचतो, गोष्टी लक्षात ठेवतो आणि क्रिकेटचा स्कोअर तर वडिलांनाही तोच सांगतो.

मावशी बारावी झालेल्या. आधी याच शाळेत पोषण आहार शिजवायच्या. दादू पहिलीत आला तेव्हा त्याच्यासोबत बसायला कोणी तरी हवं होतं आणि मावशींना तो ओळखत होता, एवढ्यावर त्यांची नेमणूक झाली. पगार दादूचे आईवडील देत. शाळेने फक्त वर्गात बसायची परवानगी दिलेली. पुण्या-मुंबईच्या शाळांत अशा माणसाला 'शॅडो टीचर' म्हणतात. शॅडो म्हणजे सावली. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण पुढे जे झालं ते पाहता अगदी चपखल आहे.

पहिलं प्रशिक्षण, म्हणजे माझी चूक

जूनमध्ये मी एक दिवसाची कार्यशाळा घेतली. मावशी, आसपासच्या शाळांतल्या आणखी काही मदतनीस ताई, प्रोजेक्टर, चहा, उपमा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता नोंदलेली आहे. मी ते 21 प्रकार एकामागून एक पडद्यावर दाखवले. मावशींनी सगळं वहीत उतरवून घेतलं, हिमोफिलियासुद्धा. दिवस संपताना त्यांनी एकच प्रश्न विचारला : "मॅडम, त्याला बाकावरून उठवायचं कसं? माझी कंबर धरते."

मी म्हणाले, "ते फिजिओथेरपिस्ट सांगतील."

अख्ख्या दिवसात विचारला गेलेला कामाचा प्रश्न तेवढा एकच होता आणि तोच मी दुसऱ्यावर ढकलला. अशा कार्यशाळा आजही होतात. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. मीही तो फोटो काढला होता.

चार रकाने

ऑगस्टमध्ये मी मराठीच्या तासाला मागे जाऊन बसले. कागदावर चार रकाने आखले : बाई दादूशी बोलल्या, मावशी दादूशी बोलल्या, मुलं दादूशी बोलली, दादू स्वतःहून बोलला. प्रत्येक वेळेला एक रेघ.

बाईंच्या रकान्यात एकच रेघ पडली, हजेरीची. त्या हजेरीलाही "हजर" मावशी म्हणाल्या. मावशींच्या रेघा चाळीसच्या पुढे गेल्यावर मी मोजणं सोडलं. मुलांच्या रकान्यात दोन रेघा ओढल्या आणि नंतर दोन्ही खोडल्या, कारण मुलांनी विचारलं होतं मावशींना : "मावशी, त्याच्याकडे खोडरबर आहे का?" दादूच्या स्वतःच्या रकान्यात एक. खिडकीबाहेर कौलांवर वानर बसलं होतं, ते बघून तो हसला आणि काही तरी म्हणाला. मावशींनी त्याचं तोंड हलकेच फळ्याकडे वळवलं.

बसायची जागाही पाहण्यासारखी होती. वॉकरच्या सोयीसाठी दादूचा बाक दाराजवळ, शेवटचा. त्याच्या आणि शेजारच्या मुलीच्या मध्ये मावशींची खुर्ची. बाईंनी प्रश्न विचारला की दादूचा हात वर जायला लागायचा. तो कोपराएवढा यायच्या आत मावशी सांगून मोकळ्या : "बाई, त्याला येतंय." लिहिताना त्यांचा हात त्याच्या हातावर. वही इतकी नेटकी की बाईंनी लाल शाईत 'छान' असा शेरा दिला होता. तो शेरा कोणाच्या अक्षराला मिळाला होता हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं, दादूला सगळ्यात जास्त.

मावशींचा यात दोष काय? मुलगा वेळेवर आवरलेला, वही पूर्ण, आवाज नाही, पडझड नाही. त्यांना मिळालेलं काम त्यांनी चोख केलं होतं. कामच चुकीचं नेमून दिलेलं होतं.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी 1997 साली शाळाशाळांत बसून हेच टिपलं होतं : मदतनीस सतत चिकटून असली की वर्गशिक्षिका त्या मुलाला आपला मानत नाही, सोबती दुरावतात आणि मूल मोठ्यांच्या तोंडाकडे बघत राहतं. इंग्लंडमध्ये 2003 ते 2008 या काळात झालेल्या मोठ्या अभ्यासातला निष्कर्ष तर वाचताना खटकतोच. सारख्याच कुवतीच्या मुलांची तुलना केली, तर ज्यांना वर्ग-मदतनिसांची मदत जास्त मिळाली त्यांची प्रगती कमी झाली. संशोधकांनी ठपका मदतनिसांवर ठेवला नाही. त्यांना तयारीला वेळ मिळत नाही, शिक्षकांशी बोलायला वेळ मिळत नाही आणि सर्वांत मागे पडलेल्या मुलाला शिकवायची जबाबदारी सर्वांत कमी प्रशिक्षण असलेल्या माणसावर पडते, हे त्यांनी दाखवलं. मी हे सगळं वाचलेलं होतं. जूनच्या कार्यशाळेत मात्र यातलं एक अक्षर नव्हतं.

आपल्या कायद्याकडे पाहिलं तर 2016 च्या कायद्याचं 16 वं कलम शाळेला मुलाच्या गरजेनुसार आधार द्यायला सांगतं आणि 17 वं कलम समावेशित शिक्षणासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सांगतं. विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं प्रमाण घालून दिलं. 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेत मदतनीस भत्ता आहे, पण तो मुलाला शाळेत आणणाऱ्या-नेणाऱ्यासाठी. वर्गात दिवसभर त्याच्या शेजारी बसणाऱ्या मावशी या शाळेच्या कुठल्याच कागदावर नव्हत्या, हजेरीपटावरसुद्धा.

पुन्हा पहिल्यापासून

सप्टेंबरपासून दर गुरुवारी जायचं ठरवलं. वीस मिनिटं वर्गात बसायचं, नंतर वीस मिनिटं मावशींशी बोलायचं. कार्यशाळा नाही, प्रोजेक्टर नाही.

सुरुवात त्यांच्या जूनमधल्या प्रश्नापासून केली. दादूच्या फिजिओथेरपिस्टना एक दुपार शाळेत आणलं. मावशी त्याला दोन्ही काखांत हात घालून वर ओढत होत्या. त्याने त्यांची कंबर जात होती आणि त्याचे खांदे. मुलाला बाकाच्या कडेला सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची आणि पुढे वाकायला सांगायचं, एवढं त्यांनी शिकवलं. "नाक अंगठ्यांवर आलं की बूड आपोआप उठतं," हे त्यांचं वाक्य वर्गात इतकं गाजलं की दुसऱ्या दिवशी सगळी तिसरी तसंच उठत होती.

त्यांनीच दुसरी गोष्ट दाखवली. बाक उंच, त्यामुळे दादूचे पाय लोंबकळत. पाय अधांतरी असले की धड स्थिर राहत नाही आणि धड स्थिर नसलं की हात कसा चालणार? मावशी घरून पाट घेऊन आल्या. तो थोडा कमी पडला, तेव्हा गावातल्या सुताराकडून लाकडी खोकं करून घेतलं. पाय टेकल्यावर त्याच दिवशी अक्षर सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण डाव्या हाताने बाक घट्ट धरून बसणं थांबलं आणि तो हात वही धरायला मोकळा झाला.

जेवणाचंही तसंच. मावशी उभ्या राहून भरवत, त्यामुळे दादूला मान मागे टाकून वर बघत गिळावं लागे. रोज ठसका लागायचा आणि सगळे म्हणायचे, घाई करतो. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता त्या समोर स्टुलावर बसतात, चमचा खालच्या बाजूने समोरून येतो, हनुवटी किंचित खाली राहते. पुढे चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून त्यांनी तो जाड केला. अर्धी खिचडी तो स्वतः खातो, पाव खिचडी शर्ट खातो.

मग मूळ दुखणं : मदत कमी कशी करायची. आमच्या पुस्तकांत मदतीच्या पायऱ्या दिलेल्या असतात. मी त्या सांगायला लागले तर मावशी म्हणाल्या, "म्हणजे उतरंडच की." मला ते इतकं आवडलं की तेव्हापासून मी दुसरा शब्द वापरलेला नाही. सगळ्यात खालचं मोठं मडकं म्हणजे हातावर हात धरून करून घेणं. त्यावर, नुसता कोपराला आधार. त्यावर, करून दाखवणं. मग बोटाने दाखवणं. मग तोंडी आठवण. मग नजर. आणि सगळ्यात वर बोळकं, म्हणजे काहीच न करता थांबणं. हात घालायचा तो वरून. खालचं मडकं आधी ओढलं तर काय होतं, ते स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

बोळकंच सगळ्यात अवघड निघालं. "थांबायचं म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मनात दहापर्यंत मोजा. त्या सहालाच बोलायच्या. शेवटी तोडगा त्यांनीच काढला : मनात 'शुभं करोति' म्हणायचं, ते पूर्ण होईस्तोवर तोंड उघडायचं नाही. दादूचं पहिलं न ढकललेलं उत्तर असंच आलं. "तीन... तीनशे बारा." वर्ग गप्प झाला होता. उत्तर चुकलेलं होतं, बाईंनी ते चुकलं म्हणून सांगितलंही आणि मला फार बरं वाटलं. त्या दिवसापर्यंत त्याला वर्गात चुकायची संधीच मिळाली नव्हती.

दोन-तीन गुरुवार गेल्यावर मावशींनी खरी अडचण सांगितली. "मॅडम, मी गप बसले तर मुख्याध्यापक बघतात. पैसे घेते आणि भिंतीला टेकून बसते म्हणतील." हे मला सुचलंच नव्हतं. मदतनिसाचं काम दिसतं ते हात चालत असतील तरच. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि सांगितलं, मावशी लांब उभ्या दिसल्या की समजा काम चालू आहे, त्याला चिकटलेल्या दिसल्या तर विचारा. ते हसले, पण पुढच्या आठवड्यात वर्गावरून जाताना आत डोकावून "मावशी, लांब आहात ना?" असं विचारून गेले. माझ्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला असावा.

बाई

बाईंना या सगळ्याचा राग होता आणि तो रास्त होता. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, त्यांच्या वर्गात 46. "मावशी आहेत म्हणून मी त्याला घेतलं," त्या स्पष्ट म्हणाल्या. "आता तुम्ही मावशींनाच लांब करताय."

मी त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, रोज दादूला एक प्रश्न विचारायचा आणि तो कोणता हे त्याला आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे उत्तर जुळवायला त्याला घरी वेळ मिळेल. दोन, त्याची वही त्यांनीच तपासायची. वहीच्या समासात मावशींनी खूण करायची : मदत केली तर 'म', स्वतः लिहिलं तर 'स्व'. लाल शेरा फक्त 'स्व'ला. पहिल्या आठवड्यात समासात वरपासून खालपर्यंत 'म' होते. बाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दादूचा बाक उचलून दुसऱ्या रांगेत आणवला. मी हे सुचवलं नव्हतं.

मावशींची खुर्ची मधून निघाल्यावर शेजारची मुलगी दादूला मिळाली. महिन्याभरात तिला त्याचं बोलणं कोणापेक्षाही जास्त कळू लागलं आणि मग तीच त्याच्या वतीने उत्तरं द्यायला लागली! हसावं की रडावं. मावशींनी तिला बाजूला घेऊन उतरंड समजावली. आम्हाला ज्याला महिने लागले ते तिने एका मधल्या सुट्टीत आत्मसात केलं.

बाटली

नोव्हेंबरात मावशी भाच्याच्या लग्नाला गेल्या म्हणून एक दिवस दादूचे वडील वर्गात बसले. त्या संध्याकाळी बाटली रिकामी घरी आली. आईने मला फोन केला. दुसऱ्या दिवशी मी दादूला विचारलं आणि थांबले. माझं 'शुभं करोति' दोनदा म्हणून झालं. मग तो म्हणाला, "मुलींच्यात... नको."

मावशी बाईमाणूस, मुलांच्या स्वच्छतागृहात कशा जातील? त्या त्याला मुलींच्या स्वच्छतागृहात नेत होत्या, पहिलीपासून. पहिलीत चाललं. तिसरीतला मुलगा मुलींसमोरून तिथे जाण्यापेक्षा दिवसभर तहानलेला राहिला. व्हरमाँटच्या त्या अभ्यासात नेमका हा मुद्दा होता, की मदतनीस बाई असली की मुलाचं मुलगा असणंच कोणाच्या ध्यानात राहत नाही. मी तो वाचताना अधोरेखितही केला होता.

शाळेत व्हरांड्याच्या टोकाला दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह बांधलेलं होतं, उतार आणि पाटी यांसकट. त्याला कुलूप होतं. आत गॅदरिंगचे पडदे, मोडके बाक आणि लेझीम. किल्ली शिपाईदादांकडे. ते रिकामं करायला एक दुपार पुरली. आतला कठडा मोठ्या माणसाच्या उंचीचा होता, वेल्डरकडून खाली दुसरा बसवून घेतला. आईने शाळेच्या चड्डीची चेन आणि बटण काढून इलॅस्टिक घातलं. आता दादू कठडा धरून स्वतः उभा राहतो. मावशी दाराबाहेर. दार लोटलेलं, कडी लावलेली नाही, हाक मारली तरच आत जायचं.

याच वेळी आम्ही अंगाला हात लावायचे नियम लिहून काढले. हात लावण्याआधी सांगायचं आणि त्याचं 'हो' येईपर्यंत थांबायचं, कडी लावलेल्या दाराआड कोणीही मोठं माणूस त्याच्यासोबत एकटं असू नये, कपडे बदलावे लागले तर वहीत वेळ लिहायची. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी 2012 च्या कायद्याची माहिती शाळांत बैठक घेऊन शिक्षकांना दिली जाते. मुलाच्या अंगाला दिवसातून सर्वांत जास्त वेळा हात लागतो तो मावशींचा, आणि त्या बैठकीला त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. हे नियम जेवढे मुलासाठी तेवढेच त्यांच्याही संरक्षणासाठी आहेत.

फेब्रुवारी

दादूच्या वहीत आता पंधरा ओळींऐवजी पाचच असतात आणि अक्षर गिचमिड. वडील पहिल्यांदा वही बघून चिडले होते, "आधी किती छान होतं!" गणितात तो खरोखरच मागे आहे. इतकी वर्षं मावशी उदाहरणं सोडवत असल्यामुळे ते कोणाला दिसलं नव्हतं, आता दिसतंय. त्यावर मी अजून फारसं काही करू शकलेले नाही. पुन्हा चार रकाने आखून बसले तेव्हा मावशींच्या रेघा अकरा होत्या, बाईंच्या चार. दादूच्या रकान्यातल्या सहा रेघांपैकी तीन शेजारणीशी भांडतानाच्या.

मग आईवडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं : मावशींची आता तेवढी गरज दिसत नाही, तर अर्धाच दिवस ठेवलं तर? पगारही अर्धा. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. वडिलांचं दुकान छोटं आहे आणि थेरपीचा खर्च थांबत नाही. पण मावशींनी आठ महिने जे शिकलं त्याचा हिशेब असा निघाला, की काम जितकं चांगलं केलं तितका पगार घटला. चिकटून बसणारी मदतनीस वर्षानुवर्षं टिकते. प्रशिक्षणाचा हा भाग मी कुठल्याच कार्यशाळेत ऐकलेला नाही आणि जूनमध्ये माझ्याही प्रोजेक्टरवर नव्हता.

मी मुख्याध्यापकांना सुचवलं की मावशींना एका मुलाऐवजी वर्गाची मदतनीस करा. पहिलीत ऐकू कमी येणारी एक मुलगी आहे, पाचवीत अजून एक मुलगा आहे. त्यांना पटलं. संस्थेला पत्रही गेलं. त्या मुलीच्या घरचे थोडा वाटा उचलायला तयार झाले, पाचवीतल्या मुलाच्या घरचे नाहीत. संस्थेचं उत्तर मी हे लिहीपर्यंत आलेलं नाही.

मार्चमध्ये मावशी चौथीच्या बाईंना भेटून आल्या. समासातली 'म' आणि 'स्व'ची खूण, पायाखालचं खोकं, स्वच्छतागृहाची किल्ली कुठे असते, हे सगळं त्यांनी एका पानावर लिहून दिलं. त्याच आठवड्यात त्यांनी पोषण आहाराच्या कामासाठी पुन्हा अर्ज केला.